होम्स बेळगावात आला आणि बाविसाव्या प्रकरणात अडकला : लांब फॅनफिक लिहिणाऱ्यांनो, मदत करा

लोंढा_जंक्शन

मंडळी, अडीच वर्षं एक फॅनफिक कादंबरी (दुसऱ्या लेखकाची पात्रं घेऊन चाहत्यानं लिहिलेली) लिहूलालोय आणि आता गाडं पार अडलंय. बावीस प्रकरणं झाली, साधारण ८४ हजार शब्द. पहिली चौदा इथंच टाकली होती. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी 'पुभाप्र' (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत) लिहून मला रात्रपाळीनंतर वही उघडायचं बळ दिलं. पंधरावं टाकून सात महिने झाले. पुढची सात लिहून ठेवलीत, पण दाखवायचं धाडस होत नाही.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मे १८९१ मध्ये स्वित्झर्लंडच्या रायखेनबाख धबधब्यात शेरलॉक होम्स मेला असं त्याचा मित्र वॉटसन समजतो. १८९४ च्या वसंतात होम्स जिवंत परत येतो. मधल्या तीन वर्षांचा हिशेब तो चार वाक्यांत उरकतो. दोन वर्षं सिगरसन नावाचा नॉर्वेजियन प्रवासी बनून तिबेटात होता, ल्हासाला गेला, मग इराण, मक्का, खार्टूम आणि शेवटी फ्रान्स. एवढंच. जगभरचे चाहते गेली शंभरेक वर्षं याच रिकाम्या जागेत आपापल्या गोष्टी लिहितात. मी त्याला आपल्याकडं आणलाय. ऑक्टोबर १८९२, बेळगावचा कॅम्प, खानापूर, लोंढा, गोव्याच्या हद्दीवरचं कॅसलरॉक.

आपल्याकडंच का, तर होम्सच्या मागावर असलेला कर्नल मोरन. मूळ कथेत त्याची जुनी पलटण 'फर्स्ट बंगलोर पायोनिअर्स' अशी दिलीय. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनसमोर उभा होतो, जेवणाची सुट्टी होती. अंगावर काटा आला. बंगलोरच्या पलटणीतला कुणी जुना सोबती बेळगावच्या छावणीत असणारच की! तिथनं सगळं सुरू झालं.

गोष्ट सांगतो खानापूर स्टेशनचा एकोणीस वर्षांचा तारमास्तर. साऱ्या तारा त्याच्या हाताखालनं जातात, त्यामुळं त्याला पुष्कळ कळतं आणि काहीच कळत नाही. चौदा प्रकरणं हे छान चाललं. मग होम्स गावात उतरला आणि सगळं थिजलं. तो येतो, चिखलाचे डाग बघतो, सगळं ओळखतो. बाकीचे नुसते 'अहो, हे कसं ओळखलंत?' म्हणायला उरतात. तीनदा खोडून लिहिलं. प्रत्येक वेळी तेच. एवढा मोठा माणूस आपल्या घरात आणला की बाकीच्यांना बसायला जागाच उरत नाही, असं झालंय.

तुम्ही लांब लिहिताना यातनं कसे बाहेर पडलात?

---

मलप्रभा_काठ

पहिल्यापासून वाचूलालोय. चौथ्या प्रकरणातला कणकुंबीचा पाऊस अजून डोक्यात आहे. माझं आजोळ तिथलंच. मलप्रभेच्या उगमाजवळ पाऊस सुरू झाला की आठ-आठ दिवस घोंगडं वाळत नाही, ते तुम्ही बरोबर पकडलंय.

एक खरं सांगू? पंधरावं वाचून मला होम्सचा राग आला. तारमास्तराची आई आजारी होती, तिचं काय झालं? त्याची बदली कॅसलरॉकला होणार होती, ती झाली का? मी होम्ससाठी आलो होतो हे खरं, पण थांबलो त्या पोरासाठी. पुभाप्र, कितीही उशीर होऊ दे.

---

कॅम्प_२२१

मी मूळ संच दरवर्षी एकदा वाचतो. ५६ कथा, ४ कादंबऱ्या. तेव्हा थोडं कडक बोललो तर आपला समजून घ्या.

पहिली गोष्ट, होम्स दोन वर्षं तिबेटात म्हणतोय आणि तुम्ही त्याला दीड वर्षातच खानापुरात उतरवलाय. हे चालवून घेता येतं, कारण तो जे सांगतो ते वॉटसनला सांगतो, आणि वॉटसनपासून लपवण्यात त्याला कधी संकोच वाटला नाही. तीन वर्षं मेलेला राहिला की! पण मग लपवायला कारण द्या. कादंबरीच्या शेवटी वाचकाला पटलं पाहिजे की हा माणूस बेळगावचं नाव पुन्हा कधीच काढणार नाही. ते कारण सापडलं तर तुमचा शेवटही सापडेल.

दुसरी, तिसऱ्या प्रकरणातल्या पत्रात तो म्हणतो, 'अगदी सोपं आहे, माझ्या प्रिय वॉटसन.' मूळ साठही कथांत हे वाक्य असं सलग कुठंच नाही. ते नाटक-सिनेमातनं पसरलं. काढून टाका.

तिसरी, पैसे. त्या तीन वर्षांत होम्सनं फक्त त्याच्या भावाला, मायक्रॉफ्टला विश्वासात घेतलं होतं, आणि पैसे त्याच्याकडनंच येत. तुमचा निवेदक तारमास्तर आहे! एवढी आयती सोय असून एकही तार नाही?

---

लोंढा_जंक्शन

@कॅम्प_२२१, तिसऱ्या मुद्द्यावर कपाळावर हात मारून घेतला. अडीच वर्षं तारयंत्रापुढं पोरगा बसवून ठेवला आणि त्याच्या हातात ती तारच दिली नाही. धन्यवाद, मनापासून.

@मलप्रभा_काठ, आई आजारी आहे हे मीच विसरलो होतो. सोळाव्यात ती उठून भाकऱ्या थापताना दाखवलीय. वहीत मागं जाऊन बघितलं तेव्हा कळलं.

---

शहापूरची_आक्का

बाळा, तुझी चौदा प्रकरणं मी मोठ्यानं वाचून ह्यांना ऐकवली, त्यांना आता दिसत नाही. तेव्हा माझा हक्क आहे असं समजून लिहिते.

बाराव्या प्रकरणात २० ऑक्टोबर १८९२ च्या रात्री तुझा तारमास्तर चांदण्यात एका माणसाचा पाठलाग करतो. 'पिठासारखं चांदणं पडलं होतं' असं तू लिहिलंस. सुंदर लिहिलंस. पण त्या दिवशी अमावास्या होती. शके १८१४ ची अश्विन अमावास्या, म्हणजे ऐन दिवाळी. त्या तारखेला सूर्यग्रहणसुद्धा होतं, आपल्याकडं न दिसणारं. मग चांदणं कुठलं? आणि दिवाळीच्या रात्री रस्त्यावर एक पणती नाही, एक पोर नाही, असं कसं? तारीख बदलू नकोस, रात्र बदल. काळोखात दारोदारच्या पणत्यांच्या उजेडात तो माणूस दिसतोय, नाहीसा होतोय, पुन्हा पुढच्या दारापाशी दिसतोय. बघ कसं वाटतं ते.

दुसरं. त्याच प्रकरणात बेळगावचा इंग्रज फौजदार शहापुरात शिरून घराची झडती घेतो. अरे, तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं! बेळगाव इंग्रजांचं आणि शहापूर पटवर्धनांचं. आज आपण एका गल्लीतनं दुसरीत जातो तसे लोक तेव्हाही जात होते, पण फौजदाराला परवानगीशिवाय तसं आत शिरता येत नव्हतं. माझ्या सासरचे विणकर. आमच्या घरात अजून 'बेळगावला जाऊन येते' असं म्हणतात, मध्ये चालत दहा मिनिटांचं अंतर असलं तरी. हेराच्या गोष्टीत गुन्हेगाराला यापेक्षा चांगली जागा कुठली मिळणार? एका बाजूला माग सोडायचा आणि दुसऱ्या बाजूला राहायचं. हद्द म्हणजे काय हे आपल्या भागातल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

तिसरं, भाषेचं. होम्स वॉटसनला न पाठवलेली पत्रं लिहितो ती कल्पना मला फार आवडते. पण एका पत्रात 'तू', दुसऱ्यात 'तुम्ही', सातव्यात तर 'आपण'. इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही, तिथं सगळ्यांना एकच शब्द. मराठीत लिहायला घेतलं की पहिल्याच ओळीला ठरवावं लागतं की हे दोघं एकमेकांचे कोण. माझे सासरे आणि त्यांचे भागीदार चाळीस वर्षं शेजारच्या मागावर बसले, शेवटपर्यंत 'अहो-जाहो'. भागीदार गेले त्या दिवशी सासरे त्यांच्या उशाशी बसून म्हणाले, 'का रे गेलास?' मी तेव्हा नवी नवरी होते, दारात उभी होते. तो एक 'रे' मी अजून विसरले नाही. तुझ्या होम्सला सगळी पत्रं 'तुम्ही'त लिहू दे. एकदाच चुकू दे.

---

घटप्रभा

आक्कांचा प्रतिसाद वाचून वाचनखूण साठवली.

माझा एक प्रस्ताव. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात होते, किल्ल्यातल्या रामकृष्ण आश्रमामुळं हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. शिकागोची परिषद अजून अकरा महिने लांब होती. होम्स आणि स्वामीजी समोरासमोर! एवढा योग चालून आलाय तर एक अख्खं प्रकरण हवंच.

---

कॅम्प_२२१

@घटप्रभा, मोह मलाही पडला, पण माझं मत नको असं आहे. होम्स कल्पनेतला माणूस. त्याच्या तोंडी काहीही घालता येतं, आणि त्याच्यावर आता कुणाची मालकीही नाही. लेखक कॉनन डॉयल १९३० ला वारले, आपल्या कायद्यात लेखकानंतर ६० वर्षं. स्वामीजी खरे. त्यांच्या तोंडी आपण रचलेली वाक्यं घालायची म्हणजे आपण त्यांच्याहून मोठं व्हायचं. शिवाय दोन एवढी मोठी माणसं एका खोलीत बसली की तारमास्तर पुन्हा दाराबाहेर.

---

जुनी_वही

मी निपाणीची. चार वर्षं एका फॅनफिकवर घालवली आणि ती अर्धवट टाकली, म्हणून अधिकारानं नाही पण कळकळीनं लिहिते.

माझी चूक अशी झाली की मी प्रकरण लिहिलं की लगेच टाकायची. वाचकांच्या प्रतिसादांची इतकी सवय लागली की पुढं काय व्हावं हे तेच ठरवायला लागले. एकीला नायिकेचं लग्न हवं, मी लावलं. एकाला खलनायक आवडला, मी त्याला जिवंत ठेवला. तिसाव्या प्रकरणाला वाचून पाहिलं तर ती माझी गोष्टच नव्हती. त्यातच फोन बंद पडला. दुरुस्तीला दिला तर परत आला तो कोरा, शेवटची पाच प्रकरणं गेली. पुन्हा लिहायला बसले आणि लक्षात आलं की मला ती आठवतच नाहीत. ज्या गोष्टीवर जीव असतो ती पाच प्रकरणं माणूस विसरत नाही. त्या रात्री फार रडले.

तुम्ही सात प्रकरणं दाबून ठेवलीत हे चांगलं केलंत. आणि वहीत लिहिताय ते तर फारच चांगलं. एक करा, मागच्या पानावर प्रत्येक माणसाची एकेक ओळ ठेवा. कोण आजारी, कोण कुठं, कुणाकडं कुठली चिठ्ठी. आईच्या भाकऱ्या पुन्हा होणार नाहीत.

---

मलप्रभा_काठ

आणखी एक, बोलीचं. शेतकरी, हमाल, स्टेशनातला पाणक्या हे सगळे तुमच्याकडं पुस्तकी मराठी बोलतात. आमच्याकडं माणूस एका वाक्यात मराठीतनं कानडीत जातो आणि परत येतो, त्याचं त्यालाही कळत नाही. 'बर्री, बसा की' असं म्हणतो. म्हातारी 'ऊट आतेन्री?' विचारते आणि उत्तराची वाट न बघता मराठीत रागावते. कंसात अर्थ देऊ नका. बेळगावच्या वाचकाला लागत नाही, पुण्याच्या वाचकाला अंदाजानं कळेल. आणि सिगरसनला यातलं ओ की ठो कळत नाही, तिथं तारमास्तरच त्याचा कान होतो. होम्सला प्रथमच कुणाची तरी गरज पडलेली दिसेल.

---

घाटमाथा

आतापर्यंत नुसता वाचत होतो, आता राहवत नाही.

मूळ लेखकालाही हाच प्रश्न पडला होता, आणि तो त्यानं कसा सोडवला ते त्याच्या कादंबऱ्यांतच आहे. होम्स लघुकथेचा माणूस. चाळीस पानांत येतो, उलगडतो, जातो. चारशे पानं त्याला धरवत नाहीत. म्हणून पहिल्या कादंबरीत निम्म्यावर गोष्ट अमेरिकेत जाते आणि तिथं होम्स नाहीच. आणि बास्करव्हिल्सच्या कुत्र्याची ती कादंबरी घ्या. पंधरा प्रकरणं. सहाव्यात होम्स वॉटसनला गाडीत बसवून देतो आणि लंडनलाच राहतो. पुन्हा दिसतो तो अकराव्याच्या शेवटी. मधलं सगळं माळरान, धुकं, रात्रीचं रडणं, भीती, हे वॉटसन एकटा सोसतो. आपल्याला ती कादंबरी सगळ्यांत जास्त आठवते ती त्याच भागासाठी. होम्स तिथंच जवळ लपून असतो, पण आपल्याला ते ठाऊक नसतं.

तुमच्या होम्सला पंधराव्या प्रकरणात गावाबाहेर घालवा.

कुठं आणि कशासाठी, तेही सुचवतो. इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात १८७८ ला एक करार झाला. १८८० पासून बारा वर्षं गोवा आणि इंग्रजी मुलूख यांच्यात जकातीची भिंत नव्हती, आणि गोव्याचं मीठ इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं. तो करार जानेवारी १८९२ ला संपला, पुढं वाढवला नाही. म्हणजे तुमची गोष्ट घडते त्याच्या नऊ महिने आधी कॅसलरॉकची हद्द पुन्हा जकातीची हद्द झाली. जो माल काल उघड जात होता तो आज चोरटा. तुमच्या सतराव्या प्रकरणात 'चोरीचा माल' एवढंच मोघम येणार आहे असं तुम्ही मागं एका प्रतिसादात लिहिलं होतंत. मोघम कशाला? मीठ घाला, दारू घाला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड १८८४ चा आहे, जालावर फुकट वाचता येतो. रस्ते, घाट, बाजार, पिकं, सगळं तपशिलात मिळेल. फक्त तो १८८४ चा आहे, रेल्वे यायच्या आधीचा, हे विसरू नका.

---

लोंढा_जंक्शन

तीन आठवडे गप्प होतो, माफ करा. दिवसपाळी होती आणि संध्याकाळी नुसतं लिहीत होतो.

सोळा ते बावीस सगळी बाजूला ठेवली. फाडली नाहीत, दोरीनं बांधून कपाटावर टाकलीत. साधारण २६ हजार शब्द. त्या रात्री जेवण गेलं नाही, घरात सगळ्यांना वाटलं कामावर काही झालं.

मग पंधराव्याच्या शेवटी सिगरसनसाहेबाला लोंढ्याहून गाडीत बसवून दिलं. तो तारमास्तराला एवढंच सांगतो की डोळे उघडे ठेव आणि रोज रात्री मला एक तार कर, फक्त जे बघितलंस ते, जे वाटलं ते नको. पुढची सहा प्रकरणं पोरगा एकटा आहे. आणि काय सांगू, हात थांबेना. दिवाळीची काळोखी रात्र आक्कांनी सांगितली तशीच लिहिली, पणत्यांसकट. संशयित शहापूरच्या हद्दीत शिरतो आणि फौजदार अलीकडं उभा राहतो, हातात बेड्या असून. आई आजारी आहे. ती म्हातारी 'ऊट आतेन्री' विचारते. रोजच्या तारेतनं 'वाटलं' गाळता गाळता पोरगा बघायला शिकतो, हे मी ठरवलं नव्हतं, लिहिताना झालं.

@घटप्रभा, प्रकरण नाही केलं. पण एका वाक्यात लोंढ्याच्या फलाटावर एक तरुण संन्यासी गोव्याच्या गाडीची वाट बघत उभा आहे. तारमास्तर त्याला पाणी देतो. नाव नाही, संवाद नाही.

@कॅम्प_२२१, बेळगावचं नाव होम्स पुन्हा का काढत नाही याचं कारण सापडलं. तो त्या पोराला तारेतनं सांगतो की कॅसलरॉकला जाऊ नकोस. तार उशिरा पोचते. बाकी प्रकरणात वाचा.

शेवटच्या न पाठवलेल्या पत्रातला तुकडा टाकतोय. कच्चा आहे, चुका सांगा.

'वॉटसन, तुम्हाला हे पत्र मिळणार नाही, तेव्हा तारीख घालत नाही. येथील स्टेशनात एक मुलगा होता. त्याने मला सव्वीस तारा केल्या. सव्विसाव्या तारेत त्याने प्रथमच, मी मनाई केली असताना, जे वाटले ते लिहिले. ती तार मी अनेकदा वाचली. आज रात्री कॅसलरॉकच्या फलाटावर बसलो आहे. खाली दरीत दूधसागराचा आवाज अखंड चालू आहे. मला दुसरा एक धबधबा आठवतो, आणि त्याच्या काठावर माझे नाव घेऊन हाका मारणारा माणूस. मी वर खडकात लपून ऐकत होतो. उत्तर दिले नाही. तू किती वेळ हाका मारत होतास, ते मी मोजले होते.'

---

शहापूरची_आक्का

ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मला वाचवेना, मग नातीनं वाचलं.

---

घाटमाथा

पत्र उतरलंय. एकच दुरुस्ती. कॅसलरॉकच्या फलाटावरनं दूधसागर ऐकू येत नाही, मध्ये करंजोळ स्टेशन लागतं. त्याला एक तर गाडीनं खाली न्या, नाहीतर धबधब्याच्या जागी दुसरा आवाज शोधा. कॅसलरॉकला रात्री पाऊस थांबल्यावर झाडांवरनं पाणी गळत असतं, तासन्‌तास. त्यावरनंही धबधबा आठवू शकतो माणसाला.

---

लोंढा_जंक्शन

झाडांवरचं पाणीच घेतो. आत्ताच बदललं. सोळावं रविवारी टाकतो.